आनंदराजची गिटार आणि मामांचा मान

मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आनंदराज हनमंते याने पहिल्यांदा जॅझ वाजवलं, तेव्हा शेजारच्या पार्वतीबाईंनी मधल्या भिंतीवर थाप मारून विचारलं, "अजून जुळना का रे ते?" लेकरू मघापासून गिटारच्या तारा जुळवून राहिलंय, अशी त्यांची समजूत. तारा केव्हाच जुळल्या होत्या. गाणं निम्म्यावर आलं होतं आणि आनंदराजच्या मते चांगलंच रंगलं होतं.

ही विद्या त्याने सिकंदराबादहून आणली होती. वडील ग्यानोबा रेल्वेत पॉइंट्समन. प्रत्येक गाडीला तिच्या तिच्या रुळावर घालायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पोराने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करावा म्हणून त्यांनी त्याला सिकंदराबादला मावशीकडे ठेवलं. पोराने डिप्लोमा केला, नाही असं नाही. पण मावशीच्या गल्लीत एक निवृत्त अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. सगळे त्यांना गार्डसाब म्हणत. तरुणपणी ते रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या बँडमध्ये गिटार वाजवत, आणि म्हातारपणी गॅलरीत बसून तेच वाजवत. आनंदराज आधी गल्लीत उभा राहून ऐकायचा, मग जिन्यात बसायला लागला, मग खोलीत. डिप्लोमा संपला तेव्हा गार्डसाबांनी दिलेली जाडजूड, पोकळ पोटाची गिटार बगलेत मारून तो मुदखेडला उतरला.

"हे काय असतंय?" ग्यानोबांनी विचारलं.

"जॅझ, बाबा. आधी ठरलेलं गाणं वाजवायचं. मग ते सोडून मनाला येईल तसं वाजवत जायचं. अन् शेवटी पुन्हा ठरलेल्या गाण्यावर यायचं."

ग्यानोबांनी बिडी विझवली आणि नीट विचार केला. "म्हंजे मुदखेडहून गाडी सोडायची, मधी रूळ सोडून रानातनं न्यायची, अन् नांदेडला परत रुळावर घ्यायची?"

"हाव, बाबा! अगदी तसंच!" जॅझ इतक्या नेमकेपणाने जगात कुणी सांगितलं नसेल, असं आनंदराजला वाटलं.

"अन् मधले पॅशिंजर?"

याचं उत्तर आनंदराज पुढची कित्येक वर्षं शोधत राहिला. पॅसेंजर रान लागलं की उतरून जात. खरं तर त्याचं मागणं काही फार मोठं नव्हतं. परदेशात नाव व्हावं, तबकड्या निघाव्यात, असलं काही त्याला नको होतं. आपल्या मुलखातल्या माणसांनी एकदा, फक्त एकदा, गिटारचा एक अख्खा तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत बूड न हलवता ऐकावा, एवढंच. मराठवाड्यात याहून मोठं मागणं असू शकत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो लातूरला गेला. लातूर हे शिकवण्यांचं गाव. तिथे प्रत्येक गोष्टीची बॅच असते, आणि प्रत्येक बॅचचा निकाल चौकातल्या फ्लेक्सवर लागतो. आनंदराजने गिटारचा क्लास काढला. पालक यायचे, भिंतीवरचा फळा बघून खूश व्हायचे आणि विचारायचे, "सर, याचं वेटेज किती?" वेटेज नाही म्हटल्यावर पोराचा हात धरून समोरच्या फिजिक्सच्या क्लासात जायचे. मग त्याने एका कॉफीच्या दुकानात दर रविवारी संध्याकाळी वाजवायला सुरुवात केली. श्रोते यायचे. त्यातले निम्मे टेस्ट सुटायची वाट बघणारे पालक असत, आणि उरलेले मोबाइल चार्ज करायला आलेले. चार्जिंग पूर्ण झालं की टाळी न वाजवता उठत.

याच काळात त्याचं लग्न झालं. लुंबिनी बिलोलीची, लातूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. बघायच्या कार्यक्रमात तिने एकच प्रश्न विचारला.

"दारू पिता का?"

"नाही."

"मग वाजवा."

लुंबिनी मन लावून ऐकायची. पण ड्यूटी करून आलेली असल्यामुळे गाण्याने रूळ सोडायच्या आतच तिचा डोळा लागायचा. तिला श्रोत्यांत धरावं की नाही, यावर आनंदराजने पुष्कळ विचार केला आणि शेवटी तिच्या अंगावर चादर घातली.

पोटासाठी त्याला वीरेशचा ऑर्केस्ट्रा धरावा लागला. लग्न, हळद, जयंती, दुकानाचं उद्घाटन, जिथे माणसं जमतील तिथे वीरेश स्पीकरची भिंत उभी करायचा. गाण्यातलं त्याला काही कळत नसे. गिटारवाला स्टेजवर असला की फोटो भारदस्त येतो, एवढं कळत होतं.

मुखेडच्या एका हळदीत ते घडलं. गायक मृत्युंजय याने स्टेजवर चढण्याआधी पैज लावून बर्फाचे गोळे खाल्ले आणि त्याचा आवाज असा बसला की उठेना. मांडव भरलेला. वीरेशने माइक आनंदराजच्या हातात कोंबला.

"गा."

"मला शब्द येत नाहीत, भाऊ."

"इतके दिवस मागं उभा राहून काय ऐकून राहिलास मग?"

"कॉर्ड."

वीरेशने कपाळावर हात मारला आणि त्याला पुढे ढकललं. आनंदराजला पहिली ओळ येत होती, ती त्याने गायली. दुसरी नव्हती. मग त्याने गार्डसाबांनी शिकवल्याप्रमाणे तोंडाने नुसते सूर फेकायला सुरुवात केली, "डुबी डुबी डाबा, शुबी डुबी डू". पुढच्या रांगेतली एक म्हातारी लेकाला म्हणाली, "अरे, याला काय झालंय का बघ." त्याचे डुबी डुबीही संपत आले. घाबरून त्याने समोर बघितलं, तर समोर नवरदेवाची आत्या गुणाबाई, जिच्या नावाने सकाळपासून सगळा मांडव हाका मारत होता. त्याने सूर तोच ठेवला आणि तोंडात येईल ते घातलं: "गुणाबाई आली, आत्याबाई आली, आली ओ आली, बसली ओ बसली!"

आपल्याकडे लग्नात भाजी खारट झाली तर माणसं समजून घेतात. पाणी कमी पडलं तर घरून आणतात. पण माइकवरून नाव घ्यायचं राहिलं तर भाऊ भावाशी बोलत नाही आणि जावई सासरवाडीला येत नाही. त्या मुलखात कुणीतरी नाव नुसतं पुकारलं नाही, तर गायलं! गुणाबाईचे गुडघे दुखत होते, पण ती उठली आणि नाचली. तिच्या शेजारचा माणूस ओरडला, "आन् मी काय भाड्यानं आलो का? दिगांबर म्हण, दिगांबर!" दिगांबर आले. मग तुळशीराम आले, सोपानकाका आले. आनंदराजला भीती तेवढी वाटत राहिली; बाकी सगळं जॅझसारखंच होतं. ठरलेलं एक, आणि बाकी समोर येईल ते.

सकाळी ते गाणं मुखेडच्या प्रत्येक फोनमध्ये होतं, आठवड्यात दोन जिल्ह्यांत. वीरेशने त्याच्या नावाचे दोन तुकडे केले आणि फ्लेक्स छापले: 'पॉपस्टार आनंद राज'. चमकीचं जाकीट आलं. ते उन्हात घातलं की समोरची रांग डोळ्यांवर हात धरायची. ग्यानोबांनी मुदखेड स्टेशनबाहेरचा फ्लेक्स बघितला आणि फोन केला, "राज कोण हाय रे? आपल्यात तर कुणी न्हाई."

गिटारचं मात्र वाईट झालं. वीरेश म्हणाला, "गळ्यात असू दे, शोभा आहे. वायर लावू नको. नाव घेताना मधी टिंगटिंग आली की पाव्हण्याचा मूड जातो." मग पॉपस्टार आनंद राज गावोगाव मुकी गिटार गळ्यात अडकवून नाचू लागला, आणि घरी येऊन तोंड पाडून बसू लागला.

"आता काय झालं?" लुंबिनीने विचारलं.

"कुणी ऐकत नाही."

"अख्खा जिल्हा ऐकून राहिलाय की!"

"ते स्वतःचं नाव ऐकतात, लुंबिनी. गिटार कुठं ऐकतात?"

लुंबिनी पोळी लाटता लाटता थांबली. "ज्याचं नाव यायचं बाकी हाय, तो उठतो का?"

"छे! हलत नाही जागचा."

"मग तेव्हा वाजवा की. जाऊन जाऊन जातील कुठं?"

आनंदराज लुंबिनीकडे बघतच राहिला. ही बाई इतकी वर्षं झोपेत ऐकत होती की काय, अशी त्याला शंका आली.

त्याने गुपचूप वायर जोडली. दोन नावांच्या मधे थोडं, अगदी चिमूटभर वाजवायचं. कुणी उठलं नाही. मग पसाभर. तरी कुणी उठलं नाही. उलट आता माझं येईल म्हणून माणसं पुढे सरकून बसली. डाव असा जमत चालला होता, आणि ते दोन नावांमधलं रान दर लग्नात थोडं थोडं वाढत होतं.

असं करत उदगीरचं लग्न आलं. रामलिंग पाटलांच्या पुनमचं. दुपारचा मुहूर्त, मांडव तुडुंब. पुढच्या रांगेत मधोमध नवरीचे थोरले मामा मडिवाळप्पा बसले होते. पांढरा पटका, गालांपर्यंत आलेल्या मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी. गाव सीमेपलीकडे, बोलणं अर्धं कानडी. नवरीला मांडवात आणायचा मान मामांचा, त्यामुळे ते बसले होतेही तसेच, स्वतःच मुहूर्त असल्यासारखे.

नावं सुरू झाली. चुलते आले, आत्या आल्या, साडू आले. मधे आनंदराजने गिटार उचलली आणि त्याला दिसलं की मामा काठी आपटताहेत. तीही कशी? ठेका जिथे पडतो तिथे सगळा मराठवाडा टाळी वाजवतो. मामांची काठी बरोबर त्याच्या मधे पडत होती. गार्डसाबांनी त्याला वर्षभर जे घोकून घेतलं होतं, ते हा माणूस मिशीवर ताव देत करत होता! आनंदराजचं भान सुटलं. त्याने काठीला उत्तर दिलं, काठीने त्याला. पसाभर वाजवायचं ते पोतंभर झालं. जेव्हा तो परत गाण्यावर आला तेव्हा वीरेश हातवारे करत होता, लग्न लावणारे जंगम स्वामी घड्याळ दाखवत होते. आनंदराजने घाईघाईने शेवटची ओळ गायली आणि सगळ्यांना नमस्कार केला.

मडिवाळप्पा उठले. काठी एकदाच आपटली, आणि चालत मांडवाबाहेर जाऊन आपल्या जीपमध्ये बसले.

सगळ्या मांडवाला एकाच वेळी कळलं. मामांचं नावच आलं नव्हतं.

रामलिंग पाटील धावले. पाया पडले. मामा काचेकडे तोंड करून म्हणाले, "ना बरंगिल्ल!" म्हणजे मी येणार नाही; भाषांतर कुणाला विचारावं लागलं नाही. आत पुनम हार घेऊन उभी, पण मामांशिवाय तिला आणणार कोण? पाटील परत आले ते थेट आनंदराजच्या समोर. "पॉपस्टार," ते हळू आवाजात म्हणाले, "लेकीचं लग्न मोडलं तर तुझं जाकीट मी घालून फिरेन आन् तुला कोठीत कोंडून ठेवीन."

वीरेश रडकुंडीला येऊन म्हणाला, "सांगितलं होतं वायर लावू नको म्हणून! आता ही गिटार मीच विहिरीत टाकतो."

गिटार जायची वेळ आली म्हटल्यावर आनंदराजला बळ आलं. ती घट्ट धरून तो जीपपाशी गेला.

"मामा, चुकलो."

"सगळ्यांचं नाव घेतलास. साडूच्या भावाचं बी घेतलास. आन् माझ्या वेळेला? निस्तं टिंगटिंग, टिंगटिंग! किती वेळ! कामून?"

"मामा, ते टिंगटिंग तुमच्याशीच चाललं होतं."

"क्काय?"

"तुमची काठी पडत होती, त्यावर वाजवत होतो. लातूर जिल्ह्यात असा ठेका धरणारा माणूस मला आजवर भेटला नाही. तुमच्याच नादात तुमचं नाव राहिलं."

"मी रागानं आपटत होतो!" मामा गरजले. "नाव येईना म्हणून!"

"रागानं का होईना, मामा, ठेक्यात आपटत होता."

मडिवाळप्पांनी मिशीला हात लावला. काठीकडे बघितलं. भोवती जमलेल्या पाव्हण्यांकडे बघितलं. सगळ्यांची नावं तोंडाने घेऊन झाली होती, एकेका ओळीत उरकली होती. आपलं एवढं लांबलचक वाजत होतं, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात येऊ लागलं.

"म्हंजे ते सगळं माझं होतं?"

"सगळं."

"ह्या लोकांस्नी कळलं का ते?"

"नाही, मामा."

"मग परत वाजव," जीपचं दार उघडत मामा म्हणाले. "आन् कुणी मधी बोललं तर बघ."

मामा जागेवर येऊन बसले. रामलिंग पाटलांनी माइकवर स्वतः सांगितलं की आता मडिवाळप्पा मामांचा मान वाजणार आहे. जंगम स्वामींनी घड्याळ खिशात ठेवलं. लेकरांच्या तोंडात लाडू कोंबण्यात आले. आनंदराजने सुरुवात केली. ठरलेलं वाजवलं, मग रूळ सोडला आणि चांगला लांब रानात गेला. मांडवात काठीशिवाय कशाचा आवाज नव्हता. कुणी फोन बघितला नाही, कुणी खोकलं नाही. एकाला शिंक आली तर बायकोने पदराने त्याचं नाक दाबलं. तो परत गाण्यावर आला तेव्हा अख्खा मांडव तिथल्या तिथे होता. आनंदराजचे डोळे भरून आले, पण जाकीट इतकं चमकत होतं की ते कुणाला दिसलं नाही.

मामा उठले, आत गेले आणि भाचीला हाताला धरून घेऊन आले. अक्षता पडल्या.

शेवटची अक्षता खाली पडायच्या आत नवरदेवाचे चुलते राजशेखर स्टेजपाशी हजर. "काय हो, नवरीकडच्यांना हातानं, आन् आम्हाला तोंडानं? आम्ही काय हलके आहोत का?" त्यांच्या मागे आत्या. आत्यांच्या मागे साडू, आणि साडूच्या मागे त्याचा भाऊ. वीरेशने मुकाट्याने गिटारचा आवाज वाढवला.

चुलत्यांचं निम्म्यावर आलं होतं, तेव्हा आचारी घाम पुसत मांडवात आला आणि म्हणाला, "पंगत बसवा की ओ, भात गार होऊन राहिलाय."

"गप रे," राजशेखर डोळे मिटूनच म्हणाले. "नाव चालू हाय माझं."

भातासाठी आवरतं घ्यायला निघालेलं गाणं आनंदराजने ते ऐकून पुन्हा रानाकडे वळवलं.