बिनपुस्तकाचे लेखक

लेखक होण्याचे जगात जेवढे म्हणून मार्ग आहेत, त्यांतला एकही न धरता लेखक झालेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. त्यांचं पुस्तक नव्हतं. मासिकात कधी कथा आली नव्हती. दिवाळी अंकांचं सोडा, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, चार पानी नाताळ अंकातसुद्धा त्यांची कविता तीन वर्षं ओळीने जागेअभावी राहिली होती. तरीही नाशिकरोडला, जेलरोडवरच्या त्यांच्या बैठ्या घराच्या फाटकावर पांढऱ्या पत्र्याची पाटी होती, तिच्यावर निळ्या रंगात त्यांचं नाव आणि नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'लेखक'. नव्वदीच्या सुरुवातीला लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा ती पाटी वाचून मी बायकोकडे पाहिलं. मी शाळेत मराठी शिकवतो. सासरच्या माणसांत एक लेखक आहे आणि आपण त्यांचं काहीच वाचलेलं नाही, या धास्तीने मी वरणभाताचे दोन घास कसेबसे गिळले आणि शेवटी विचारलं, "मामा, आपली पुस्तकं कुठली?" मामांनी शांतपणे कोशिंबीर वाढून घेतली. "आंब्याला आंबे लागायच्या आधीही तो आंबाच असतो, जावईबापू," ते म्हणाले. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हा आंबा रिटायर झाल्यावर लावलाय."

ते खरंच होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मामांनी वीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे घेऊन घरी आले, संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला सगळे बसले, आणि 'आमेन' म्हणून डोळे उघडल्याउघडल्या त्यांनी जाहीर केलं, की प्रभूने आपल्याला लेखनासाठी पाचारण केलं आहे. आमच्यात पाचारण हा फार मोठा शब्द. देवाने हाक मारून कामाला बोलावणं, असा त्याचा अर्थ. मामी नंतर आल्यागेल्याला सांगायच्या, "चर्चच्या पाळकांना पाचारण होतं हे ऐकलं होतं, मिशनमधल्या नर्सबाईंना होतं हे ऐकलं होतं. आमच्या ह्यांना पेन्शनीबरोबर झालं." पण मामा चेष्टेने डगमगणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते टेबलाशी बसले, ते पुढची पंधरासोळा वर्षं बसलेच.

पेनाचं टोपण काढण्याआधी ते डोळे मिटून प्रार्थना करत. ही प्रार्थना इतकी सविस्तर असे, की मामींनी ठेवलेला चहा पेन उघडायच्या आधी गार होई. लिहिता लिहिता पेन अडलं, की ते वाक्य प्रभूला मान्य नाही असं समजून ते सोडून देत. एकदा रिफिलच संपली होती, तर त्यांनी अख्खा परिच्छेद रद्द केला. मी खिशातून नवी रिफिल काढून दिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वरच्या दरबारात वशिला लावायला निघालो होतो. वीज केंद्रातली सवयही गेली नव्हती. तिथे दर तासाला लॉगबुकात आकडे भरायचे, आणि चूक झाली तर खोडरबर वापरायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, बाजूला वेळ टाकायची आणि सही करायची, असा नियम होता. मामांनी तो नियम साहित्याला लावला. त्यांच्या कागदांच्या समासात 'दु. ३.१०, "अतिशय" काढले', 'दु. ३.२५, "अतिशय" पुन्हा घातले', 'सायं. ५.००, "अतिशय" कायमचे काढले' अशा नोंदी सह्यांनिशी सापडत. मुलांचे निबंध तपासताना मी आजही मनातल्या मनात तशा सह्या करतो.

रविवारी मात्र पेनाला हात लावायचा नाही. शब्बाथ आहे, देवाने नेमलेला विश्रांतीचा दिवस, शेतकऱ्याने नांगर धरू नये आणि लेखकाने पेन. मग किराणा सामानाची यादीही मामींनीच लिहायची, कारण त्या लेखक नव्हत्या. या व्रतापायी एकदा मंडळीची वार्षिक सभा अडली. उपासना संपल्यावर सभा, हजेरीच्या वहीत सगळ्यांच्या सह्या, आणि गणसंख्येला नेमका एक माणूस कमी. मामा समोरच्या बाकावर हजर, पण सही करेनात. "मी आलोय हे देवाला दिसतंय," ते म्हणाले. सेक्रेटरी घामाघूम होऊन म्हणाले, "देवाला दिसतंय हो मामा, पण उद्या ऑडिटरला दिसायला नको का?" सभा एक आठवडा पुढे ढकलली. पुढच्या आठवड्यातही तोच वार आला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी सभाच शनिवारी घ्यावी लागली.

त्यांचं मुख्य काम म्हणजे कादंबरी. त्यांचे पणजोबा हरसूलकडच्या पाड्यावरून पायी नाशिकला आले आणि ख्रिस्ती झाले, त्याची ही कथा. पण मामांना खरं तेवढंच लिहायचं होतं, आणि पणजोबांविषयी खरं माहीत असलेलं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे कादंबरी पहिल्याच प्रकरणात अडकून राहिली. "पणजोबा कुठवर आले, मामा?" असं मी दर नाताळला विचारायचो. "घाट चढतायत," असं ते गंभीरपणे सांगायचे. माझी मुलगी जन्मली, बालवाडीत गेली, चौथी पास झाली, तरी पणजोबा घाटातच.

आणि याच काळात मामा दुसरंही काहीतरी लिहीत होते, ज्याला ते स्वतः लेखन म्हणत नसत. आमच्याकडे कुणी वारलं, की स्मरणार्थ उपासना होते आणि तीत मृताचा जीवनवृत्तांत वाचतात. जन्म अमुक गावी, बाप्तिस्मा अमुक वर्षी, नोकरी, लग्न, मुलंबाळं, स्वभाव मनमिळाऊ, आणि मग प्रभूमध्ये निजले. नावं बदलली की एकाचा दुसऱ्याला चालावा असा हा कागद. एकदा पाळकसाहेबांनी घाईत मामांना गळ घातली आणि तेव्हापासून ते काम त्यांच्याकडेच आलं. मामा त्या घरी जाऊन दुपारभर बसत. मनमिळाऊ होते का, हे विचारतच नसत. रागावल्यावर काय करायचे, भाजी कशी निवडायचे, हसताना तोंडावर हात धरायचे का, असलं काहीतरी विचारत. एका म्हाताऱ्या नर्सबाईंविषयी त्यांनी लिहिलं होतं, 'बाईंनी किती बाळंतपणं केली याची नोंद नाही. बाळ पहिल्यांदा रडलं की त्या त्याला "सलाम" म्हणत. जगात आल्यावर कुणीतरी आधी विचारपूस करावी, असं त्यांचं मत होतं.' आम्ही एकमेकांना भेटल्यावर सलामच करतो. ते वाचलं गेलं तेव्हा बाकांवर निम्मी माणसं त्या बाईंच्या हातची जन्मलेली होती, आणि गीत सुरू करायला पेटीवाल्याला बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, फार सुंदर." तर म्हणाले, "ती सेवा झाली. लेखन वेगळं."

पुढे मामांनी ही माहिती माणसं जिवंत असतानाच गोळा करायला सुरुवात केली, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. याचा व्हायचा तोच परिणाम झाला. मामांची सायकल दारात दिसली, की सत्तरीपुढची मंडळी अंगणात उगाचच भराभरा चालून दाखवू लागली. आणि यातूनच ती मोठी चूक झाली.

मंडळीत दोन मास्तर भाऊ होते. दोघंही चांदवडचे, दोघंही प्राथमिक शिक्षक, घरं भिंतीला भिंत लागून, आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलणं बंद. थोरले मास्तर वारले. स्मरणार्थ उपासनेला मामा कागद घेऊन उभे राहिले, तो कागद धाकट्यांचा होता. जन्मगाव एक, शाळा एक, म्हणून पहिल्या चार ओळी बिनबोभाट गेल्या. पाचव्या ओळीला पहिल्या बाकावर बसलेले धाकटे मास्तर ताठ झाले. मामांच्याही लक्षात आलं. ते थांबले. तेव्हा धाकटे मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "थांबू नका. वाचा पुढं." मामांनी वाचलं. 'भावाशी त्यांचं बोलणं नव्हतं. पण भावाच्या अंगणातला नळ गळू लागला, की भावाच्या घरी कुणी नसताना हेच जाऊन वॉशर बदलून येत.' थोरल्यांची विधवा पदराने तोंड झाकून रडायला लागली. आमचा नळ आपोआप बरा होतो, असं ती बिचारी अकरा वर्षं समजत होती. ज्याला हे कळायला हवं होतं, तो मात्र गेला होता.

जिवंत माणसाला चर्चमध्ये मारलं म्हणून आठवडाभर गावभर हसणं चाललं. मीही हसलो. त्याच आठवड्यात मामांकडे जेवायला होतो, पाहुणे होते, आणि मला विनोद करायची हुक्की आली. म्हटलं, "मामा, ज्याचं पुस्तक असतं तो लेखक. तुमचं आपलं जन्ममृत्यूचं दप्तर." सगळे हसले. मामी तेवढ्या हसल्या नाहीत. मामांनी माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या खेपेला फाटकाशी गेलो आणि थबकलो. पाटीवरच्या 'लेखक' या शब्दावर एकच आडवी रेघ मारलेली होती. बाजूला बारीक ब्रशने लिहिलं होतं, 'स. ११.४०, काढले', आणि खाली सही. मला त्याच वेळी आत जाऊन माफी मागायला हवी होती. मी आत जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्यानंतर जीवनवृत्तांत ते लिहीतच राहिले, पण कादंबरीचे कागद टेबलावर पुन्हा दिसले नाहीत, आणि पणजोबांची चौकशी करायचं धाडस मला झालं नाही.

दोन हजार सातच्या सुमाराला मामा आजारी पडले, ते उठलेच नाहीत. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "माझं तुम्ही लिहायचं, जावईबापू," म्हणाले. मग विचारलं, "व्यवसाय काय लिहाल?" मी घाईघाईने म्हटलं, "लेखक. दुसरं काय?" त्यांनी मान हलवली. "माझ्या समाधानासाठी लिहू नका. देवासमोर वाचायचंय ते. शोधा, आणि खरं असेल तर लिहा. नसेल तर ऑपरेटर लिहा, ते काही वाईट काम नव्हतं."

चार दिवसांनी ते गेले. मी त्यांच्यासारखाच घरोघर निघालो, त्यांच्याविषयी कुणाला काय आठवतं ते विचारत. पहिलं घर नर्सबाईंच्या मुलीचं. मी प्रश्न विचारायच्या आधीच ती उठली, कपाटातून घरचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं, आणि त्यातला घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला. आईवर मामांनी लिहिलेला. घड्या झिजल्या होत्या, मागून चिकटपट्टी लावली होती. "आईच्या वाढदिवसाला वाचतो आम्ही," ती म्हणाली. दुसऱ्या घरीही तेच झालं, आणि तिसऱ्याही. धाकट्या मास्तरांच्या शास्त्रात दोन कागद होते. एक भावाचा, मामांनी नंतर आणून दिलेला, आणि एक त्यांचा स्वतःचा, ज्याची अजून गरज पडली नव्हती. "माझा मी रोज नाय वाचत," ते ओशाळून म्हणाले. "भावाचा वाचतो." तीन दिवसांत मी सत्तावीस घरं फिरलो. वीस घरांत तरी मला शास्त्राच्या पानांतून काढलेला मामांचा कागद वाचायला मिळाला, तीच सरळ अक्षरं, तीच समासातली खाडाखोड. काही घरांत दुसरं एकही पुस्तक नव्हतं. मी इतकी वर्षं मराठी शिकवतो, मोठ्या लेखकांचे धडे मुलांकडून पाठ करून घेतो, पण वर्षानुवर्षं असं जपून कुणाला वाचलेलं मी पाहिलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि ज्यांची माफी मागायची ते ऐकायला नव्हते.

मी लिहिलं, 'व्यवसायाने ऑपरेटर आणि लेखक.' चर्चमध्ये तो शब्द मी सावकाश वाचला. कुणी हसलं नाही. मामींनी फक्त मान खाली घालून 'आमेन' म्हटलं.

उपासना संपली, माणसं पांगली. चर्चची झाडलोट करणारी आजी केरसुणी घेऊन दारात उभी होती. तिला मागेपुढे कुणी नाही. मी बाहेर पडायला लागलो, तशी ती माझ्यावर खेकसलीच.

"माझं ऱ्हायलं ना! पावसाळा झाल्यावर येतो म्हनले व्हते मामा. आता माझं कोन लिहील?"

"आजी," मी म्हटलं, "मी काही लेखक नाही."

तिने ते ऐकल्यासारखं केलंच नाही. केरसुणी भिंतीला लावली, पायरीवर ऐसपैस बसली, आणि शेजारची जागा पदराने पुसली.

"आमी सा बहिनी," तिने सुरुवात केली. "मी पाचवी."

मी तिच्या शेजारी बसलो.