सखूच्या नावाचा नांगर

कर्जतच्या कचेरीच्या ओटीवर बसून मी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. बोरू झिजले, डोळे अधू झाले, किस्से मात्र साठतच गेले. त्यातले निम्मे घाटात आगगाडीची वाट खोदत होते त्या दिवसांतले. तिकडे सुरुंग उडाला की दोन दिवसांनी इकडे कोणीतरी लंगडत यायचंच!

खालापूरकडची सखू अशीच आली. घाटात मातीच्या पाट्या वाहायची. पायावर धोंडा पडला, हाड वेडंवाकडं जुळलं आणि मुकादमानं हजेरीतून नाव काढून टाकलं.

"पाटी नाय उचलवत आता, पर रांजणापाशी बसून गड्यांना पानी वाढीन की! तेवढं घाटातल्या इंजिनेरसाहेबाला लिवा, पंत. एकलीचं पोट हाय."

एवढंच मागणं. मला फार वाईट वाटलं तिचं. तिच्याकडे येतोच, आधी बाकीची मंडळी उरकतो.

*

धर्मा पाटील घाटात दरडीखाली सापडून, बरगड्या मोडून आला. त्याला मी सगळे मार्ग सांगितले. साहेबाकडे अर्ज करता येतो. कंत्राटदारावर मुन्सफाच्या कोर्टात दावा लावता येतो, पण त्याला वकील हवा, साक्षी हव्यात, शिवाय वर्षं जातात.

"आणि माणूस दगावला असता," मी म्हणालो, "तर वारसांसाठी सरकारनं खास कायदाच केलाय."

धर्मा बरगड्या धरून माझ्याकडे बघत राहिला.

"मंजी जगलो ती आमचीच चूक म्हना की!"

मी बोरू टाकात बुडवला आणि दावा लिहायला घेतला.

*

त्या दाव्यात कंत्राटदारानं जबाब दिला, की दरड देवाच्या करणीनं कोसळली, त्याला माणूस काय करणार? धर्माच्या बाजूनं साक्षीला चौक गावचे उस्मानभाई. बैलगाडीवाले, घाटात चुना पोचवायचे.

मुन्सफांनी विचारलं, "दरड देवाच्या करणीनं पडली, हे खरं का?"

"असंल हुजूर, त्याच्या मर्जीबिगर पान हालत नाय," उस्मानभाई अदबीनं म्हणाले. "पर मुकादमाला त्यानं आधी सांगावा धाडला व्हता काय? दरड पडायच्या आधीच हा बोंब न मारता पळत सुटला!"

मुन्सफांना उपरण्यात तोंड लपवून खोकावं लागलं. धर्मा दावा जिंकला, आणि उस्मानभाईंना महिनाभर लोक तोच किस्सा पुन्हा सांगायला लावत होते.

*

आता माझी फजिती. धोंडू पाथरवटाच्या पायाची दोन बोटं गेली होती. मी तेव्हा नवा, अंगात लिहिण्याची रग! अर्जात त्याचा पाय गेला, आधार गेला, डोळ्यांपुढे अंधार झाला. वाचून घाटातला इंजिनेरसाहेब हळहळला. धोंडूला बोलावलं, तर हा दोन्ही पायांवर चालत हजर!

"पाय गेला ना टुमचा?" साहेब ओरडला.

"पाय हाय की साहेब. पंतांनी लिवताना नेला!"

अर्ज फेटाळला. धोंडूचं नुकसान माझ्यामुळे झालं, ते अजून टोचतं. तेव्हापासून मी घडलं तेवढंच लिहू लागलो. सखूचा अर्ज चार ओळींचा होता.

*

त्या काळी लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी निशाणी काढायचा. कुणब्याची निशाणी नांगर, सुताराची पटाशी, बाईमाणसाची बांगडी. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक.

सखूला घेऊन मी साहेबाच्या तंबूत गेलो, तर कंत्राटदाराचा कारकून आधीच कागद घेऊन उभा! कागदावर लिहिलेलं, 'मला माझ्याच चुकीनं लागलं, तक्रार नाही, काम राजीखुशीनं सोडते. सखू.' आणि खाली निशाणी, ठसठशीत नांगर!

"साहेब, बाईची निशाणी बांगडी असते. हा नांगर कुणाचा?" मी विचारलं.

कारकून जरासुद्धा गडबडला नाही.

"तिच्या नवऱ्यानं काढला. परवाच, माझ्यासमोर बसून!"

सखू काठीवर रेलून उभी राहिली. 

"सात वर्सं झाली साहेब, आमचं मालक घर सोडून गेलं त्याला," ती म्हणाली. "गावोगाव धुंडलं, कुणाला दिसलं नाय."

साहेबानं कारकुनाकडे पाहिलं. कारकून तंबूच्या खुंटीकडे पाहू लागला. साहेबानं तो कागद टराटरा फाडला आणि हुकूम दिला, की उद्यापासून पाण्याच्या रांजणावर सखू बसेल.

मी म्हटलं, "जिंकलीस गं! चल आता."

सखू जागची हलली नाही. ती कारकुनाकडेच बघत होती.

"कारकूनदादा, परवा बसलं व्हतं म्हनता ना तुमच्यासमोर? जेवलं व्हतं का वो ते?"