चप्पल मारून वाजणारे सात पाइप

तो हातपंप दुरुस्त करतो, आणि बोलतो तेही पान्याने नट आवळल्यासारखं. माझ्या किन्हवलीच्या शाळेतला पंप दरवर्षी तोच उघडतो. मी गप्पा मारायला गेलो की "कामाचं बोला, मास्तर," म्हणून माझं तोंड बंद करतो. मला त्याचा संताप यायचा.

जुन्या पाइपांचे, बुडाशी बंद केलेले सात तुकडे त्याने एका लाकडी चौकटीत उभे केले होते. प्रत्येकात कमीजास्त पाणी भरायचं आणि तोंडावर रबरी चप्पल मारायची, की वेगवेगळे सूर निघत. मी राहतो त्या शहापुरात एका कार्यक्रमाला त्याला वाजवायला नेलं. सभागृहाच्या नळावरच त्याने पाइप भरले. वाजवून झाल्यावर पाहुणे म्हणून आलेले साहेब म्हणाले, "पाण्यात केवढं संगीत आहे!" याने साधे हातही जोडले नाहीत. माझीच मान खाली गेली.

निघताना ओझं हलकं व्हावं म्हणून मी एक पाइप उपसून गटारात उलटा केला. त्याने माझं मनगट आवळलं.

"हात काढा. धरन आमच्या डोंगराखाली, आन माझी आय हंडाभर पान्यासाठी दरीत उतरते. तुमी गटारात वतता?"

उरलेले सहा पाइप त्याने थेंबही न सांडता सोबत आणलेल्या कॅनमध्ये रिकामे केले.

त्याच्या गावाकडे जाणारी डोळखांबची एसटी भरलेली होती. कंडक्टर ओरडला, "दोनातलं एकच काय ते चढव!"

त्याने कॅन चढवला. पाइपांची चौकट माझ्या पायाशी सोडून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तुमच्या घरी नळ हाय. वाजवा."