सगळ्यात बुटकी पट्टी

लिंबायतहून आबा आणि मी रोज एकाच रिक्षाने एकाच कारखान्यात जायचो. आबा, म्हणजे माझे वडील, खाली लूम चालवायचे आणि मी वर शेठच्या केबिनबाहेर कॉम्प्युटरवर बसायचे. ही नोकरी मला आबांनीच लावून दिली होती. "मनी पोर कॉम्प्युटर शिकेल शे," माझी पोर कॉम्प्युटर शिकलीय, हे त्यांनी शेठला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी शेठने कंटाळूनच मला बोलावलं असावं.

त्या वर्षी बाजारात मंदी होती. कापडाचे तागे गोदामात छताला टेकले होते. शेठने मला कारागिरांच्या उत्पादनाचा चार्ट काढायला सांगितला. कोण किती मीटर काढतो ते एका नजरेत दिसलं पाहिजे, आणि ज्यांच्या पट्ट्या सगळ्यात आखूड निघतील त्यांना घरी बसवायचं. हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. मी मान डोलावली. आबांचा आकडा सगळ्यात कमी होता हे मला ठाऊक होतं, कारण रोजचे आकडे मीच भरायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि तुटलेला धागा सापडायला त्यांना वेळ लागायचा.

आकडे निवडले, बटण दाबलं. स्क्रीनवर रंगीत पट्ट्या उभ्या राहिल्या. आबांची पट्टी बाकीच्यांच्या गुडघ्याला लागत होती. फरक तर थोडासाच होता! पण सगळे आकडे जवळजवळचे असले की ते सॉफ्टवेअर पट्ट्यांचा खालचा भाग परस्पर कापून टाकतं. बाजूची मोजणी शून्यापासून न होता मधूनच सुरू होते आणि बोटभर फरक हातभर दिसतो. कोर्समध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. शोधून शोधून मी मोजणी शून्यावर आणली. सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या झाल्या. खरा चार्ट तो होता.

शेठने तो पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "आ शुं, बेन? आमां तो बधा सरखा लागे छे!"

"फरक ही थोडा है, सेठ," मी म्हटलं.

"फरक देखाय एवुं बनावो."

मी शून्य काढून टाकलं. मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. प्रिंटरमध्ये कागद सरळ बसलाय ना, एवढंच मी बघत राहिले.

चार्ट जिन्याजवळ लागला. जेवणाच्या सुट्टीत आबा हात पुसत आले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आखूड-लांब कुणालाही कळतं. "मनी कोनती शे, माय?"

मी बोट ठेवलं. ते कागदाला नाक लागेल इतके जवळ गेले. "बाकीना इतलं काढतस? अन् मी इतलंच?"

मी म्हटलं, "आबा, खालून कापलंय ते. तुम्ही फार मागे नाही." लहानपणी मी खोटं बोलले की ते जसं बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

लूमवरचे दोघे-तिघे म्हणाले, चला, शेठशी भांडू, तुमच्यासाठी आम्ही येतो. आबा गेले नाहीत. त्या आठवड्यातच त्यांचा हिशोब झाला आणि मी रिक्षाने एकटी जाऊ लागले. वाईट वाटत होतं का, हे मला आजही धड सांगता येणार नाही. हात काम करत होते एवढं आठवतं.

एकदा घरी मी कागदावर शून्यापासून पट्ट्या काढून त्यांना समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "माले वाईट वाटाले नको म्हनीसन काढस तू," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

पुढे गावाकडचं कुणी भेटलं आणि काम का सुटलं म्हणून विचारलं, की आबा माझ्यासमोरच शांतपणे सांगायचे, "मनाकडथीन निम्मं काम बी व्हये नही. मनी पोरनीच काढी दाखाडं."