कॅनच्या तळाशी उरलेलं औषध

इतक्या वर्षांत किती गुन्हे हाताखालून गेले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण कबनूरच्या त्या मामांचं प्रकरण मनातून जात नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी त्या भागात फौजदार होतो. अंगात रग होती, माणूस बघताच ओळखतो असा माझा समज होता.

एका प्रोसेसचा मालक फिर्याद घेऊन आला. मागावरचं कोरं कापड धुऊन रंगवायचा त्याचा कारखाना. मोठ्या ऑर्डरचे सगळे तागे रंगाईत डागी निघाले होते. जागोजागी टिकल्यांसारखे पांढरे डाग पडले होते, कारण कापडानं पाणीच धरलं नव्हतं. कापड नीट भिजावं म्हणून पाण्यात एक औषध घालतात, त्याला कामगार 'वेटिंग' म्हणतात. मालकाचं म्हणणं असं, की धुलाईवरच्या म्हाताऱ्या कामगारानं ते औषध चोरून विकलं आणि औषधाच्या ड्रममध्ये भलतंच काहीतरी भरलं.

दुसऱ्याच दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "साहेब, म्हाताऱ्यानं कॅनमधनं ड्रमात ओतलेलं मी डोळ्यानं बघितलंय की." मला एवढं पुरेसं वाटलं. पंचनामा करून कॅन जप्त केला, नमुने सील करून प्रयोगशाळेकडे पाठवले आणि मामांना आणून बाकावर बसवलं.

मामा अठ्ठावीस वर्षं धुलाईवर होते. सोड्यानं बोटांची सालं गेलेली. मी विचारलं, "ओतलंस का?"

"व्हय साहेब, ओतलं की."

"काय?"

"वेटिंगच. कॅनच्या तळाला उरलं हुतं, वाया कशाला घालवायचं? आमी कायम तसंच करतो."

"आणि ड्रममधलं चांगलं औषध कुणाला विकलंस?"

"इकलं न्हाय वो. देवाशपथ न्हाय."

मी जबाबात लिहिलं, 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो.' चार दिवस त्यांना रोज सकाळी हजेरीला बोलावलं. येणारा-जाणारा बघायचा. चौथ्या दिवशी तेच उत्तर ऐकून माझं डोकं फिरलं आणि मी त्यांच्या कानाखाली दिली. तो माणूस माझ्या वडलांच्या वयाचा होता. ते रडले नाहीत, चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "साहेब, खरं ह्येच हाय. दुसरं कुठनं आणू?"

चोरीचा माल काही सापडेना. औषधाच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी केली, सगळे नाही म्हणाले. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते. शेवटी पंचांसमक्ष कॅनमधलं उरलंसुरलं घेऊन मी कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांकडे गेलो. मामांनाही बरोबर घेतलं. खोटेपणा तोंडावर उघडा करावा, हाच माझा विचार होता.

सरांनी एका ग्लासात पाणी घेऊन नव्या वेटिंगचे थेंब टाकले, दुसऱ्यात कॅनमधले. दोन्हींतलं पाणी जवळजवळ स्वच्छ. मग एकातलं दुसऱ्यात ओतलं. बघता बघता नासलेल्या दुधासारखे पांढरे गोळे तरंगायला लागले.

सर म्हणाले, "कापसावर मुळातच मेण असतं, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. वेटिंगच्या रेणूचं एक टोक मेणाला धरतं, एक पाण्याला, म्हणून कापड भिजतं. या वेटिंगवर ऋण भार आहे. कॅनमध्ये आहे तो सॉफ्टनर, शेवटी कापड मऊ करायला वापरतात तो. त्याच्यावर धन भार. एकेकटे दोघंही कामाचे. एकत्र आले की एकमेकांना चिकटतात आणि दोघंही फुकट जातात. हे गोळे कापडाला लागले, तिथे रंग चढला नाही."

दोन्ही औषधं सारख्याच कॅनमधून यायची. वाफेनं लेबलं कधीच गळून पडलेली. चोरी झालीच नव्हती. मामांनी पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगितलं होतं.

मी म्हणालो, "मामा, सुटलात तुम्ही." मामांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते ग्लासाकडे बघत होते. "म्हंजे माल माझ्याच हातानं गेला म्हणा की," असं म्हणाले आणि खाली बसून ढसाढसा रडले. माझ्या थपडेला न रडलेला माणूस!

गैरसमजुतीतून गुन्हा दाखल झाला असा अहवाल देऊन 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायची परवानगी, मागितली; कोर्टानं ती मंजूर केली. मालकही वरमला, "सोमवारपास्नं या कामावर," म्हणाला. मामा गेले नाहीत. पुढं दोन-तीन महिन्यांनी प्रकरण बंद झाल्याची समज द्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको दारातच हळू आवाजात म्हणाली, "कामाचं सोडा साहेब, घरात तेलाची बाटली उचलली तरी मला इचारत्यात, ह्यात काय हाय गं? दहा डाव इचारत्यात."

खोटं पकडायची विद्या आम्हाला शिकवतात. समोरचा खरं बोलत असेल तर ते ऐकायचं कसं, हे मला त्या माणसानं शिकवलं, आणि त्याची किंमत त्यानं भरली. सरांकडे मी पहिल्याच दिवशी जाऊ शकलो असतो. कॅन माझ्याच ताब्यात होता.

त्या दिवशी आत जाऊन मी मामांची माफी मागितली. गणवेशात होतो, तरी वाकून मागितली. ते गडबडीनं उठले आणि घाबरून दोन्ही हात गालावर धरले. त्यांना वाटलं, मी पुन्हा मारायला वाकलोय.