बँकॉकचं ब्राँझ आणि आबासाहेबांची किक

छापखान्यात रद्दी न बोलावता साठते, तसेच किस्से. कराडच्या आमच्या छोट्या दैनिकातले निम्मे किस्से तरी हवालदार निकमांच्या नावावर आहेत! पलटणीच्या टीममधून फुटबॉल खेळलेला हा गडी रिटायर झाल्यावर आमच्याकडे व्यंगचित्रं काढायचा.

*

सत्तरच्या डिसेंबरात रेडिओवर बातमी आली. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारतानं फुटबॉलचं ब्राँझ जिंकलं! निकम टेबलावर चढून नाचायलाच लागले.

संपादक अण्णा म्हणाले, "अहो निकम, तिसरा नंबर आलाय!"

"आवं आण्णा, अख्ख्या आशियात तिसरा! आपला पेपर कराडात तरी तिसरा हाय का?"

अण्णांनी पेढे आणायला माणूस पाठवला.

*

चित्र छापायचा ठसा, म्हणजे ब्लॉक, बाहेरून करून आणणं आम्हाला झेपायचं नाही. निकम चित्र लाकडावर उलटं कोरायचे, मग ते छापताना सुलट यायचं. त्या दिवशी त्यांनी बॉलला किक मारणारा भारताचा नकाशा काढला आणि आनंदाच्या भरात कोरला सुलटाच! अंक एसटीनं रवाना झाल्यावर कळलं, गुजरात उजवीकडे आणि बंगाल डावीकडे गेलाय.

विट्याहून एका वाचकाचा फोन आला. "तिसरा नंबर आला तर देश उलटा केला. पयला आला असता तर काय केलं असतं वो तुमी?"

*

मग जो तो पुढारी असं भाषण ठोकू लागला, की जणू गोल त्यानंच मारलाय. निकमांनी चित्र काढलं: टीमचा ग्रुप फोटो, चौकटीत सगळे पुढारी, खेळाडू बाहेर! मधोमध साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब, अगदी हुबेहूब.

कारखान्याच्या जाहिरातींवर आमचा पेपर चालायचा. अण्णा कडाडले, "पुन्हा आबासाहेबांचा चेहरा दिसला, तर तुमचं चित्र कायमचं बंद!"

निकमांचा जीव होता व्यंगचित्रांवर. मला फार वाईट वाटलं.

*

पुढच्या चित्रात चेहराच नव्हता. नुसतं धोतर, टोपी आणि मेडलकडे झेपावलेले हात. तर उंब्रज ते मलकापूर, तीन वेगवेगळे पुढारी तणतणत आले! तिघांची तक्रार एकच, "ह्यो मीच हाय!"

आबासाहेबांनी मात्र जास्तीचे अंक मागवले.

*

"देशानं नाव काढलं, मग आपला तालुका मागं कशाला?" म्हणत आबासाहेबांनी फुटबॉलचे सामने भरवले. बँड, हार, तुडुंब गर्दी! पहिली किक अर्थातच त्यांची. धोतर सावरत धावत आले, सणसणीत लाथ घातली आणि बॉल जागचा हलला नाही!

अण्णांनी निकमांचा दंड धरला. "निकम, हे काढायचं नाही हं!"

दुसऱ्या दिवशी चित्र छापून आलं. मोकळं मैदान, मधोमध बॉल, माणूस एकही नाही. खाली ओळ, 'सामन्यांचे उद्घाटन'.

दुपारी आबासाहेबांची जीप दारात थांबली. अण्णा उभे राहिले. आम्ही सगळेच उभे राहिलो. आबासाहेबांनी अंक निकमांच्या टेबलावर पसरला.

"हवालदार, समदं बेस काढलंय. पर माझा पाय कुठं हाय यात?"

निकम ताठ सावधानमध्ये उभे.

"साहेब, बॉलला लागलाच न्हाई. मग चित्रात कुठनं यील?"