मोठ्या जावयाचा कॉम्प्युटर

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो आणि घरचे माझ्याकडे संशयाने पाहतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत माणसांची बरीच रूपं पाहून झाली होती. पण माणूस आतून कसा धुमसतो, हे त्या प्रकरणात जितकं जवळून दिसलं तितकं कुठल्याही खुनात दिसलं नाही.

मी तेव्हा रिसोड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हाती दिला. पलीकडून रुमाल धरून काढलेला घोगरा आवाज आला.

"सायेब, केनवडच्या अलीकडं, लहान जावयाच्या घरी चोरीचा माल चालू हाय. कॉम्प्युटर. दोन पडद्यांचा."

नाव विचारलं, तर फोन बंद. मी हवालदाराला म्हणालो, "लहान जावई असं कोणाला कोण म्हणतं?"

"सासुरवाडीचे म्हणतात, सायेब."

"आणि?"

हवालदार मिशीत हसला. "मोठा जावई म्हणते."

दुसऱ्या दिवशी मोठे जावई स्वतःच ठाण्यात हजर! कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात तक्रार अर्ज आणि तोच घोगरा आवाज, फक्त रुमालाशिवाय. मी ओळख दाखवली नाही. बसवलं, चहा सांगितला. तपासात चहाचा उपयोग मी दंडुक्यापेक्षा जास्त केला आहे.

मोठे जावई म्हणजे हळद आणि सोयाबीनचे चांगले बागायतदार. त्यांचे साडू, म्हणजे लहान जावई, लगतच्या गावात भाजीपाला पिकवतात. अधिक महिन्यात दोघे मानोऱ्याकडे सासऱ्यांच्या घरी धोंड्याचं जेवण जेवायला गेले. पाटावर पहिला मान मोठ्यांचा. पण सासरे सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाले, "लहाने जावई एका म्हशीच्या पैशात कॉम्प्युटर घेऊन घरबसल्या शेअरचा धंदा करून राह्यले. डोकं लागते त्याले!"

"सायेब, पुरणाचा धोंडा माह्या घशातच अडकला," मोठे जावई म्हणाले. इतका खरा जबाब मी क्वचितच नोंदवला असेल.

ते थेट अकोल्याला गेले आणि दुकानातला सर्वांत महाग कॉम्प्युटर उचलून आणला. काचेची पेटी, आत लाल-निळे दिवे, गेम खेळणाऱ्यांसाठीचं जाडजूड ग्राफिक कार्ड, चार पडदे. त्या पैशात म्हशींचा अख्खा गोठा उभा राहिला असता. मग नारळ फोडून मशीनची पूजा केली आणि मुद्दाम साडूला सहकुटुंब जेवायला बोलावलं. साडूने पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "झकास हाय दादा. पण याची गरज नोती."

झालं! त्याच संध्याकाळी मोठ्यांनी बायकोला ताकीद दिली, "तुह्या बहिणीशी बोलणं बंद." आणि त्याच आठवड्यापासून मशीन अडकायला लागलं. भाव हलत असतानाच पडदे गोठायचे. सौदा टाकायला जावं तर नुसतं चक्र फिरत राहायचं.

"आमी जेवत होतो तवा तो एकटाच मशीनपाशी होता. महाग पार्ट त्यानं काढला अन् आपल्या डबड्यात बसवला. नाहीतर त्याचं स्वस्तातलं पळते अन् माहं अडकते, हे कसं काय?"

इथे हसण्याची सोय नव्हती. लहान जावयाची गावच्या पोलीस पाटलाच्या पदासाठी निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी माझ्याच टेबलावर होती. चोरीचा गुन्हा नोंदला असता, तर पाटीलकी तिथेच संपली असती. मोठ्या जावयांना हे पक्कं माहीत होतं. मी अर्ज चौकशीवर ठेवला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि लहान्याला बोलावलं.

तो आला तो ताठ मानेने. घाबरलेला होता, पण तोंड बंद ठेवणाऱ्यांपैकी नव्हता.

"ग्राफिक कार्ड चोरून मी काय करू सायेब? मी का गेम खेळून राह्यलो? भाव पाहाचा, सौदा टाकाचा. एका हाफिसातून निघालेला जुना पण दमदार डबा घेतला. मेमरी वाढोली, जुनी डिस्क काढून जोरात पळणारी एसएसडी टाकली. दोन पडदे, एकावर आलेख, एकावर सौदे. चार पडदे पाहाले डोळे तर दोनच हायेत ना! वाचलेल्या पैशात लाईन गेली तर यूपीएस अन् नेटाची तार घरापर्यंत ओढली. दादाले मी हेच सांगणार होतो, पण त्यायनं ताटावरूनच तोंड फिरवलं."

"आवाज खाली," हवालदार म्हणाला. मग हळूच विचारलं, "आपल्या ठाण्यातल्या मशीनले बसन का रे ती एसएसडी? एक एफआयआर उघडेपर्यंत चहा संपते."

मी दोन पंच घेऊन मोठ्या जावयांच्या घरी गेलो, बाजार चालू असताना. मशीन बैठकीत, दारातून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं ठेवलेलं. दिवे असे लखलखत होते की मीही क्षणभर जळलो. पेटीच्या स्क्रूवर दुकानाचं कागदी सील होतं, जसंच्या तसं. ते फाडल्याशिवाय पेटी उघडत नाही, याची दुकानदाराकडून फोनवर खात्री केली. तशी पंचनाम्यात नोंद घेतली.

मोठे जावई हटले नाहीत. "मंग अडकते काहून?"

"चालवा. पाहू."

नेट कुठून घेता, असं विचारल्यावर कळलं की बायकोच्या मोबाईलवरून. स्वतःच्या मोबाईलवरून ते गावभर भाव सांगत असत. सगळा पैसा पेटीत घातला आणि तारेसाठी हात आखडला. थोडा वेळ पडदे छान चालले आणि अचानक चारही गोठले.

"पाहा सायेब! पाहा!"

मी हात धुवायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेलो. न्हाणीच्या आडोशाला मोठ्यांची बायको उभी होती, पदराखाली तोच नेटवाला मोबाईल कानाला लावलेला.

"अव बाई, रडू नको. पोलीस आले हायेत, पण सायेब समजदार दिसून राह्यले. तुह्या नवऱ्याची पाटीलकी नाही जात. ठेवते मी."

तिने फोन ठेवला आणि बैठकीतून आरोळी आली, "चाललं! चाललं सायेब!"

त्या घरातल्या अशक्त रेंजमध्ये त्या मोबाईलवर बोलणं सुरू झालं की त्याचं नेट तुटायचं. बोलणं बंद केल्यापासून बहिणी चोरून बोलत होत्या आणि त्या बोलल्या की बाजार थांबत होता. चोर सापडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नुसते हात जोडले.

मी बैठकीत आलो. चेहरा शक्य तितका गंभीर केला, वर पाहिलं. "छतावर पत्रे आहेत. मोबाईलचं नेट पत्र्याखाली दम धरत नाही. तार ओढून घ्या. आणि सीलबंद पेटीतून पार्ट काढल्याची खोटी तक्रार दिली म्हणून तुमच्यावरच कागद करू का? रुमाल धरून केलेल्या फोनसकट?"

मोठ्या जावयांच्या चेहऱ्यावरचे सगळे दिवे गेले. अर्ज मागे घेतल्याचा जबाब त्यांनी उभ्या उभ्या दिला.

पडताळणी निर्वेध गेली. नव्या पोलीस पाटलाच्या सत्काराला मोठे जावई सर्वांत मोठा हार घेऊन आले आणि सगळ्यांना सांगत सुटले, "आता माहं मशीन याच्यापेक्षा जोरात पळते!" दोघी बहिणी एका सतरंजीवर शेजारी बसून हसत होत्या. तार आल्यापासून त्यांच्या बोलण्याने बाजार थांबत नव्हता. मधल्या काळात तो का थांबत होता, हे मोठ्या जावयांना अजून माहीत नाही. आणि ते हे वाचणार नाहीत, कारण ते दिवसभर चार पडदे पाहत असतात.

मी एवढंच शिकलो की तक्रारदार दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवतो, तेव्हा पहिला पंचनामा तक्रारदाराच्या घराचा करावा.

निवृत्तीनंतर मीही लहान्यासारखाच कॉम्प्युटर घेतला. जुना डबा, एसएसडी, दोन पडदे, नेटाची तार. झकास चालतो. परवा माझे साडू जेवायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, त्यांनी तीन पडद्यांचा घेतला. ते गेल्यावर मी बायकोला विचारलं, "याला तिसरा पडदा कशाला लागतो गं?"

ती भांडी आवरत म्हणाली, "लिहून द्या. अर्ज चौकशीवर ठेवते."